क्वार्टर आणायला गेलेला पोरगा

[दृश्य: आखाजीची दुपार. निंबाला बांधलेला झोका, माहेरवाशिणींची गाणी. पलीकडे पत्त्यांचा डाव.]

निवेदन:
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात पत्त्यांचा डाव बसतो आणि डावामागून बाटलीही येते. सणासुदीचं कोण बोलणार, म्हणून मोठी माणसं काणाडोळा करतात. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा पहिला घोट घेतो तो इथे, नाहीतर हळदीच्या रात्री डीजेच्या गाडीमागे. घरी कळलं की एकच निदान होतं: संगत बिघडली.

संगत बिघडतेच. पण त्याच टोळक्यातली चार पोरं सण सरला की बाटली विसरतात आणि पाचवा महिनाभरानं एकटाच पिताना सापडतो. तो कुठून आला, हे विचारायला हवं.

[दृश्य: दिवेलागण. देशी दारूच्या दुकानाबाहेरचा रस्ता. चेहरे दाखवू नयेत.]

"जाय रे, एक क्वार्टर लई ये." हा हुकूम ज्या घरात रोजचा, तिथलं पोर फार लवकर शहाणं होतं. बापाच्या पावलांवरून त्याला कळतं, आज किती झालीय. भांडं आपटलं की धाकट्या बहिणीला घेऊन ओट्यावर जायचं, मायचा आवाज थांबला की आत यायचं. त्याचं शरीर सतत पहाऱ्यावर असतं. धोक्याच्या वेळी रक्तात वाढणारं कॉर्टिसोल हे संप्रेरक काम झालं की खाली यायला हवं, पण धोकाच रोजचा असेल तर शरीराची ही सगळी घडी विस्कटते. झोप उडते, जरा काही झालं की डोकं भडकतं. आणि एके दिवशी दारूचे दोन घोट पोटात जातात, काही तासांपुरता पहारा उठतो. इतर पोरांसाठी ती मजा असते, याला मात्र झोप लागते.

अमेरिकेत 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच धागा दिसला. बालपणी छळ किंवा हिंसा सोसलेली माणसं दारू लवकर सुरू करत होती, आणि पहिल्याच वर्षी ती त्रास विसरण्यासाठी पीत असण्याची शक्यता जास्त होती.

[दृश्य: जुनी प्रश्नावली, टंकलिखित कागद.]

त्याआधी अमेरिकेतल्याच सॅन दिएगोमध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईवर हात उगारला जाणं, घरात व्यसन, मानसिक आजार, घरातलं कुणी तुरुंगात. 1998 साली निष्कर्ष आले. यांपैकी चार किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांत स्वतःला दारुडा म्हणवणाऱ्यांचं प्रमाण काहीच न भोगलेल्यांच्या मानानं सुमारे सातपट होतं. आणि ही माणसं झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक जण गोरे, आरोग्य विमा असलेले, बरेचसे कॉलेज शिकलेले. म्हणजे 'गरिबी आहे, पिणारच' हे आपलं लाडकं उत्तर तिथे लागू पडत नाही.

इथेही पडू नये. सातपुड्यात मोहाची दारू देवाला धार घालून मगच घेतात. तेवढ्यावरून अख्ख्या पावरा-भिल्ल समाजाला पिणारे ठरवणाऱ्यांनी आपल्या बंगल्यातलं कपाटही उघडून पाहावं.

[दृश्य: बैलगाड्या, ट्रक. नंदुरबार-साक्रीकडून बारडोलीकडे निघालेल्या ऊसतोड टोळ्या.]

सॅन दिएगोच्या यादीत कोयता मात्र नाही. दिवाळी झाली की माय-बाप जोडीनं तोडणीला जातात आणि पोरं आजीपाशी राहतात, नाहीतर फडातच वाढतात. याला छळ म्हणता येत नाही, माय-बापाचा तो दोषही नाही. पण पोराच्या वाट्याला सहा-सहा महिने कुणीच नसणं येतं, ते खान्देशच्या यादीत धरावंच लागेल.

[दृश्य: अमळनेर, प्रताप हायस्कूलचा परिसर.]

सातपट म्हणजे विधिलिखित नव्हे. अशा घरांतली कितीतरी पोरं दारूला शिवत नाहीत. त्यांच्या आयुष्यात निदान एक भरवशाचं मोठं माणूस असेल तर फार फरक पडतो, हे अभ्यासांतून पुनःपुन्हा दिसलं आहे. साने गुरुजींनी याच अमळनेरात छात्रालयातली पोरं सांभाळली. आज शाळेतून व्यसनमुक्तीची प्रभातफेरी निघते, पोरं घोषणा देतात, फोटो निघतो. त्याच रांगेत उभ्या असलेल्या पाचव्या पोराला, रात्री झोपलास का रे, एवढं कुणी विचारत नाही.

[दृश्य: पुन्हा दुकानाचा रस्ता, दिवसा.]

2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला दारू देणं किंवा त्याच्याकरवी ती वाहून नेणं हा गुन्हा आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पण घरातलं माणूस तुरुंगात जाणं, हा त्या प्रश्नावलीतलाच एक प्रश्न आहे. म्हणून कायद्याचा बडगा आधी पोराच्या हाती बाटली ठेवणाऱ्या दुकानदारावर पडावा. घरात मार चालू असेल तर शेजाऱ्यालाही 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो. दिवसरात्र कधीही, मोफत.