मावशीची खिडकी आणि काकांचा हात

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय खिडकीबद्दल. पणजीच्या फोंताईनश-मळा भागातल्या जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडकीबद्दल. १८४३मध्ये पणजी राजधानी झाली, तेव्हा काच समुद्रापलीकडून यायची आणि महाग पडायची. शिंपले मात्र आपल्याच खाडीतले. चपटे, जवळजवळ पारदर्शक. चौकोनी कापायचे, लाकडी पट्ट्यांच्या खाचेत एकाखाली एक सरकवायचे. ऊन आत येतं ते दुधात भिजून.

माझ्या मावशीचं घर मळ्यात. माडीवरच्या खिडकीतले ओळीने तीन शिंपले एकदा क्रिकेटच्या चेंडूने फुटले. चेंडू कुणाचा होता ते आज सांगत नाही. त्याच सुमारास काका जिन्यावरून घसरले आणि मनगट मोडून बसले. पाऊस तोंडावर, शिंपले मिळेनात. काकांनी काय करावं? आपल्याच हाताच्या एक्सरेची फिल्म कात्रीने कापली आणि त्या तीन खणांत बसवली. वरच्या खणात दोन बोटं, मधल्यात तळवा, खालच्यात मनगट. दुपारी तीनला ऊन त्या बाजूला आलं की काकांची दोन बोटं खिडकीत उजळायची. आम्ही मुलं मुद्दाम बघायला जायचो.

काका गेले. मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी फोंड्याला गेली दोन महिने. तेवढ्यात आमच्या दादाने कौतुकाने पांढरी ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवून घेतली. बसवणाऱ्याने सांगितलं, परवानगी-बिरवानगी काही लागत नाही. (सरकत्या खिडकीचं मला कधीच पटलेलं नाही. कितीही सरकवा, अर्धीच उघडते. पैसे पूर्ण खिडकीचे आणि वारा अर्धा! आणि तो खर्रर्र आवाज... असो.)

मावशी परतली, दुपारचा चहा घेऊन माडीवर गेली आणि कप तसाच घेऊन खाली आली. म्हणाली, "ह्यांचा हात कुठाय रे?"

दादाला आधी कळेचना. कळलं तेव्हा स्कूटर काढून भंगारवाल्याकडे पळाला. नशीब असं, की ॲल्युमिनियमवर टपून बसलेल्या भंगारवाल्याला लाकडात रस नव्हता. खिडकी मागच्या पडवीत पावसात उभी होती.

पंधरा दिवसांत घरी कागदही आला. हा भाग संवर्धन क्षेत्रात येतो. रस्त्यावरून दिसणारं काही बदलायचं तर नियोजन प्राधिकरणाकडे आधी अर्ज करावा लागतो. पुन्हा सांगतो, आधी अर्ज, मग पटाशी. घर तुमचं असलं तरी.

आणि दुसरं, जुनी खिडकी मोडीत देऊ नका. हे शिंपले आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मनाला आलं म्हणून चिखलीच्या खाडीतून गोळा करता येत नाहीत. मेस्त, म्हणजे आपले सुतार, पाडलेल्या घरांच्या खिडक्यांतले वापरतात. म्हणजे तुमच्या अडगळीतली मोडकी चौकट ही दुसऱ्या कुणाच्या खिडकीची दुरुस्ती आहे. मोडीत देऊ नका.

बाकी, अख्खी खिडकी क्वचितच सडते. पाणी साचतं ते खालच्या आडव्या पट्टीत, तीच जाते. तेवढीच कापून सागवानाचा तुकडा जोडता येतो. पावसाळ्याआधी, सुक्या लाकडावर रंग. ओल्यावर रंग मारणाऱ्या माणसाला मी घरात घेत नाही, मग तो पाहुणा म्हणून आलेला का असेना.

तर मावशीची खिडकी. मेस्त आला, खालची पट्टी बदलली, सुटलेले शिंपले पुन्हा खाचेत बसवले. कामाचा माणूस, शेवटी एक्सरेपाशी थांबला. म्हणाला, "बाय, माझ्याकडे तीन जुने शिंपले आहेत. हे काढून टाकू?"

मावशी त्याला चहा देत होती. तिने कप मागे घेतला.

मेस्ताने ते तीन शिंपले परत पिशवीत टाकले, तेव्हा कुठे त्याला चहा मिळाला.