बातमी ऐकलीत, आता निबंध उघडा

श्रोतेहो, नमस्कार. विज्ञानाची बातमी ऐकली की तिच्यामागचा मूळ शोधनिबंध उघडून पाहावा, हे आज दोन उदाहरणांनी सांगतो.

जून २०२३च्या अखेरीस आलेली एक बातमी तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आपल्या जुन्नर तालुक्यातल्या, नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने विश्वाची गुणगुण टिपली, असे मथळे तेव्हा झळकले. मूळ शोधनिबंध मात्र बराच सावध होता. गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणणाऱ्या-आखडणाऱ्या लहरींचा, पुरावा मिळतोय, पण शोध लागला असं छातीठोक सांगायला लागते तेवढी खात्री अजून झालेली नाही, असा त्याचा सूर. तो निबंध कोणालाही फुकट वाचता येतो. भारत, जपान आणि युरोपच्या शास्त्रज्ञांचं हे एकत्र काम.

त्यात खोडदचा वाटा काय? पल्सार नावाचे तारे घड्याळासारखे नेमाने रेडिओ ठोके देतात. लहर आली की ठोका किंचित लवकर किंवा उशिरा पोचतो. पण ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ इलेक्ट्रॉन असतात, तेही ठोक्याला उशीर करतात, आणि वारंवारता जितकी कमी तितका हा उशीर जास्त. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या नेमक्या कमी वारंवारतेवरच ऐकतात. त्यामुळे हा उशीर अचूक मोजून हिशेबातून वजा करता येतो. मथळ्यात हे कुठून येणार!

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं, आणि मला ते जास्त आवडतं, कारण त्यात भांडण आहे. जोहान्सबर्गजवळच्या रायझिंग स्टार गुहेत, वीतभरही रुंद नसलेल्या फटीतून आत उतरून होमो नलेडी या नामशेष मानवप्रजातीची हाडं काढली गेली. मेंदू आपल्या साधारण एक-तृतीयांश. २०१५ साली ‘ईलाइफ’ या मुक्त, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या, नियतकालिकात त्याचा निबंध आला. २०२३मध्ये ही हाडं शोधणाऱ्या चमूनेच दावा केला, की हे लोक आपले मृतदेह पुरत असत. माहितीपटही आला, गाजावाजा झाला. पण ‘ईलाइफ’ने त्याच वर्षापासून निबंध स्वीकारणं-नाकारणं सोडून तो समीक्षकांच्या, म्हणजे निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या, मतांसकट छापायला घेतला होता. पुरावा अपुरा आहे, खड्डा मुद्दाम खणल्याचं दिसत नाही, असं समीक्षकांनी स्पष्ट लिहिलं, आणि ते आपल्याला घरबसल्या वाचता आलं. २०२५मध्ये चमूने भर घालून निबंध सुधारला, तरी वाद काही मिटलेला नाही. असं भांडण पूर्वी संपादकाच्या कपाटात बंद राहायचं.

आता पैशाचं बोलू. वाचकाला फुकट म्हणजे खर्च नाही असं नव्हे. तो बऱ्याचदा लेखकाच्या माथी पडतो. ‘नेचर’ या नियतकालिकाने २०२०मध्ये एका मुक्त निबंधासाठी साडेनऊ हजार युरो आकार जाहीर केला. एवढे पैसे आपल्याकडच्या किती विद्यापीठांना परवडतील? भारत सरकारने दुसरी वाट धरली. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये, म्हणजे सरकारी संस्थांतल्या विद्यार्थी-प्राध्यापकांना हजारो नियतकालिकं खुली. चांगलंच आहे. पण तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर किंवा निवृत्त शिक्षक त्यात बसत नाही. त्यांनी निबंधाचं नाव टाकून ‘अर्काइव्ह’सारख्या भांडारात शोधावं. भौतिकशास्त्र आणि गणिताचं हे दार १९९१पासून उघडं आहे, आणि तिथे ओळखपत्र कोणी मागत नाही.

नमस्कार.