आजाराचा फायदा नेमका कोणाला?

पडद्यावर वळवळताना दिसतोय तो पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू. स्वल्पविरामासारखा वाकडा, मागे एकच शेपूट. असे पाचशे जिवाणू एका ओळीत ठेवले, तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. माणसाशी त्याचं काही वैर नाही. त्याला वाढायचंय आणि वेळेत दुसरं आतडं गाठायचंय.

दूषित पाण्याबरोबर तो पोटात येतो. पण जठरातलं आम्ल त्याला सोसत नाही. बहुतेक जिवाणू तिथेच मरतात. म्हणून धडधाकट माणसाला पटकी व्हायला सहसा कोट्यवधी जिवाणू पोटात जावे लागतात. आमांशाच्या शिगेला जिवाणूंचं काम मात्र शंभराच्या आतही भागतं.

आम्लातून वाचलेले लहान आतड्यात पोहोचतात, अस्तरावरच्या बुळबुळीत थरातून पोहत जातात आणि पेशींना चिकटून तिथेच थांबतात. रक्तात उतरत नाहीत, आतड्याला जखमही करत नाहीत. मग काही तासांत माणूस मरणाच्या दारात जातो तो कसा?

विषामुळे, असा तर्क जर्मन जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच मांडला होता. पुराव्यासाठी १९५९ साल उजाडावं लागलं. कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी हे जिवाणू ज्या द्रवात वाढवले, तो द्रव गाळून जिवाणू वेगळे काढले. सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधला आणि त्यात फक्त तो गाळलेला द्रव सोडला. आतडं पाण्याने टम्म फुगलं. एकही जिवाणू न सोडता पटकीची खूण हजर! डे यांना नोबेल मिळालं नाही. मिळायला हवं होतं, असं आम्हाला वाटतं.

हे विष पेशीत शिरून तिची एक संदेशयंत्रणा सतत चालू ठेवतं. पेशी क्षार बाहेर टाकत सुटते आणि क्षारामागोमाग पाणी जातं. आजार तीव्र असेल तर तासाला लिटरभरसुद्धा. त्या पाण्याच्या थेंबाथेंबात लाखो जिवाणू असतात. ज्या जुलाबाने रोगी खंगतो, त्यावरच स्वार होऊन जिवाणू पुढच्या विहिरीपर्यंत, नदीपर्यंत जातो. सुदैवाने साखर आणि मीठ एकत्र आत घेण्याचा पेशीचा मार्ग या विषाने बंद होत नाही. जलसंजीवनी लागू पडते ती याच मार्गाने.

क्षयाच्या जिवाणूची तऱ्हा निराळी. त्याला घाई नाही. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दिवस लागतो. खोकल्यातून उडालेले अतिसूक्ष्म कण हवेत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. तिथल्या रक्षक पेशी जिवाणूला गिळतात खऱ्या, पण तो त्यांच्या पोटात पचत नाही, तिथेच राहतो. बहुतेकांच्या शरीरात तो असाच जन्मभर कोंडलेला राहतो आणि त्यांना कधी आजार होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्या फुप्फुसाला पोकळ्या पडतात. त्या पाडण्यात आपल्याच प्रतिकारशक्तीचा मोठा हात असतो. पोकळी श्वासनलिकेत उघडली, की खोकल्यातून जिवाणू पुन्हा हवेत.

इथवर आजार जिवाणूच्या पथ्यावर पडतो, हे पटतं. धनुर्वात मात्र या हिशेबात बसत नाही.

त्याच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कवचात निपचित पडलेली रूपं, मातीत वर्षानुवर्षं टिकतात. खोल जखमेत, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे ती जागी होतात. त्यांचं विष मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि स्नायू सैल करणारे संदेश अडवतं. बहुधा आधी जबडा आवळतो, मग पाठ धनुष्यासारखी ताठते. एकाचा धनुर्वात दुसऱ्याला लागत नाही; रोग्याच्या मरण्याने जिवाणूला काहीही मिळत नाही. आणि हे विष इतकं जहाल, की जीव घ्यायला पुरेशी असलेली मात्राही शरीराने ओळखून लक्षात ठेवायला अपुरी पडते. म्हणून धनुर्वातातून बऱ्या झालेल्या माणसालाही त्याची लस घ्यावीच लागते.