अंगठी उलटी करून बघा

नमस्कार श्रोतेहो.

दुरुस्तीला अंगठी घेऊन येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा एकच सांगतं, "चमक गेलीय, जरा पॉलिश मारून द्या." आम्ही सोनार मात्र ती हातात घेतली की आधी उलटी करतो. रोजची अंगठी झिजते ती तळहाताच्या बाजूला. स्कूटरचं हँडल, बसचा दांडा, लाटणं, कुकरची मूठ, सगळं तिथेच घासतं. वर नक्षी नव्यासारखी, आणि खाली पट्टी इतकी पातळ की नखाने दाबली तरी वाकावी. आपलं 22 कॅरेट सोनं, म्हणजे 916, मुळात मऊच. खड्यांवरची पकड टिकावी म्हणून हिऱ्याच्या अंगठ्या सहसा 18 कॅरेटमध्ये करतात.

आता पॉलिशचं. पॉलिश म्हणजे वरचं थोडं सोनं घासून काढणं. चाकावरून उडालेली धूळ आम्ही फेकत नाही. ती झारेकऱ्याला, म्हणजे धुळीतून सोनं वेगळं काढणाऱ्याला, विकली जाते. यावरून काय ते समजा! दर दिवाळीला उजाळा देण्याची हौस मला तरी पटत नाही. द्यायचाच असेल तर आधीचं आणि नंतरचं वजन काट्यावर समोर बघा, पावतीवर लिहून घ्या.

बऱ्याचदा चमक गेलेली नसतेच, खड्याखाली कणीक आणि साबण साचलेला असतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात अंगठी थोडा वेळ ठेवा आणि मऊ ब्रश मागच्या बाजूने फिरवा. मोती, पोवळं मात्र भिजवू नका, ओलसर फडक्याने पुसा. पाचूच्या भेगांत बहुधा तेल भरलेलं असतं, त्याला गरम पाणी नको आणि दुकानातलं सफाईचं मशीनही नको. टूथपेस्टने ओरखडे पडतात. ब्लीचने फरशी पुसताना अंगठी काढून ठेवा. थर्मामीटर फुटून पारा लागला, तर सोनं पांढरं पडतं. हे सोनाराला आधीच सांगा, कारण तापवल्यावर पाऱ्याची विषारी वाफ होते.

खडा तपासायला अंगठी कानाशी धरून हळूच टिचकी मारा. खुळखुळ ऐकू आली किंवा पदराचा धागा सारखा अडकू लागला, की खडा धरून ठेवणारे काटे उचललेत असं धरा. काटे दाबून घ्यायचं काम थोडक्यात होतं. खडा नाल्यात गेल्यावर काय करणार?

ढिली अंगठी दोरा गुंडाळून वापरतात. दोऱ्यात घाम आणि मळ राहतो, कातडी पांढरी पडते. त्यापेक्षा माप कमी करून घ्या. पट्टी कापताना आतला हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक वाचवायला सांगा, आणि झाळायला, म्हणजे सांधायला, त्याच कसाचं (शुद्धतेचं) झाळण वापरायला सांगा. हलकं वापरलं तर मोडीच्या वेळी कस कमी निघतो. सगळीकडून खडे जडवलेल्या अंगठीचं माप बदलणं अवघड. ती घेतानाच नीट मापाची घ्या.

जोडवीही खालूनच झिजतात, फरशीवर. कडेला धार आली की शेजारचं बोट कापतं. आणि ती सारखी उघडमीट करू नका, चांदी तुटते.

शेवटी, अडकलेली अंगठी. हात वर धरा, गार पाणी लावा, मग साबण लावून फिरवत काढा. बोट निळं किंवा बधिर पडलं असेल तर ओढाताण न करता थेट दवाखाना गाठा आणि खुशाल कापू द्या. अंगठी आम्ही सांधून देऊ.