आधी डागाचं नाव

नमस्कार. सभागृहात पार मागच्या भिंतीपर्यंत तुम्ही बसल्या आहात, दाराशी काही दादाही उभे आहेत. चोपड्यात त्वचेच्या विषयावर एवढी माणसं जमली याचा मला मनापासून आनंद आहे. विषय तुम्हीच दिलात, तोंडावरचे डाग आणि लेसर. आखाजी जवळ आली की माझ्या जळगावच्या दवाखान्यात हाच विषय रोज असतो. लेक माहेरी आलेली असते, आई तिला घेऊन येते, खुर्चीत बसायच्या आधीच तिच्या गालावर बोट ठेवते आणि विचारते, "डॉक्टर, हाई कसं जाई?" पाठोपाठ, "लेसर करी द्या."

मी म्हणते, माय, आधी त्या डागाला नाव तर देऊ द्या.

कारण डाग एक नसतो. नाकावर, गालांवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके, लहानपणापासूनचे, उन्हाळ्यात गडद आणि थंडीत फिके, हे फ्रेकल्स. गोऱ्या कातडीच्या माणसांत ते जास्त, बरेचदा आईबापांकडून आलेले. आपल्याकडे ते कमीच दिसतात. आपल्याकडे घरोघरी असतं ते वांग. दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठाच्या वर, नकाशासारख्या वाकड्यातिकड्या कडांचं. गरोदरपणात येतं, पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी येतं, घराण्यात असतं, आणि ऊन ते वाढवतं. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या बाईला ऊन चुकतं का? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, हे मी तुम्हाला काय सांगू.

आता लेसर काय करतं ते बघा. १९८३ साली अमेरिकेत अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी एक तत्त्व मांडलं. ठरावीक रंगाचा प्रकाश, अगदी क्षणाच्याही बारीक तुकड्यापुरता सोडला, तर तो फक्त रंगद्रव्य पकडतो आणि फोडतो, बाजूची कातडी वाचते. फुटलेले कण मग शरीर हळूहळू उचलून नेतं. डागांसाठी जे क्यू-स्विच्ड एनडी-यॅग मशीन वापरतात, त्याचा झटका सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता असतो. कातडीवर रबर ताणून सोडल्यासारखं वाटतं, टक असा आवाज येतो, ठिपका क्षणभर पांढरा पडतो. मग बारीक खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत गळते. फ्रेकल्सला हे चांगलं लागू पडतं. उन्हात तोंड उघडं ठेवलं तर ठिपके परत येतात, तेवढं मात्र आधीच सांगते.

पण आपली कातडी सावळी. तुम्ही शेतातल्या बाया, म्हणून शेतातलंच सांगते. तणनाशक मारायचं तर पीक आणि तण वेगळं ओळखू यायला हवं ना? आपल्या कातडीत रंगद्रव्य सगळीकडेच आहे. प्रकाशाला डाग कोणता नि कातडी कोणती, हे नीट कळत नाही. आणि वांग तर चिडका डाग. त्याला जोराचा झटका दिला की ते आणखी काळं होऊन उठतं. कधी उलट होतं, पांढरे ठिपके पडतात, आणि ते घालवणं वांगापेक्षा अवघड.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका ताईंच्या घरचं लग्न होतं, त्यांनी हट्ट धरला आणि मी ऐन उन्हाळ्यात त्यांच्या वांगावर लेसर केलं. तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा स्कार्फ सोडायला तयार नव्हत्या. डाग दुप्पट गडद झाला होता. लग्नाच्या एकाही फोटोत त्या समोर उभ्या राहिल्या नाहीत. तो डाग उतरायला जवळजवळ वर्ष गेलं. तेव्हापासून वांगाला मी आधी सनस्क्रीन आणि मलम देते. सनस्क्रीन रंग असलेलं असेल तर उत्तम, कारण वांगाला नुसता उजेडही वाढवतो. त्यानंतर महिनोन्महिने धीर. लेसर अगदी शेवटी, हलक्या हाताने, आणि तेही एखादीलाच.

उलटी गोष्टही सांगते, आणि ही माझ्या जास्त जवळची आहे. काही लेकरांच्या चेहऱ्याच्या एकाच बाजूला, डोळ्याभोवती, गालावर निळसर-राखाडी डाग असतो, कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागातही. लोक म्हणतात लाखं आहे, ग्रहणात आईने काहीतरी केलं. आईचा काडीचाही दोष नसतो. एका जपानी डॉक्टरच्या नावावरून त्याला ओटाचा डाग म्हणतात. त्याचा रंग कातडीत खोल असतो, मलम तिथे पोचतच नाही. आणि नेमका हाच डाग लेसरने फार चांगला उतरतो. बऱ्याच बैठका लागतात, मध्ये महिने सोडावे लागतात, डोळ्याचा दाबही तपासून घ्यावा लागतो, पण उतरतो. या मुली मात्र दवाखान्यात येतच नाहीत, ओढणी ओढून बसतात, कारण घरात कुणीतरी सांगितलेलं असतं की याला इलाज नाही. तुमच्या गल्लीत अशी पोरगी असेल तर तिच्या आईला माझं हे बोलणं जरूर सांगा.

आता डॉक्टर कसा ओळखायचा? पाटीवर 'त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ' वाचलं की आपल्या बाया शरमेने पुढे जातात आणि 'स्किन अँड ब्युटी' लिहिलेल्या काचेच्या दारात शिरतात. अहो, आमच्या पदवीचं नावच ते आहे! एम.डी., डी.एन.बी. किंवा त्वचारोगाचा डिप्लोमा बघा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. डागाचं नाव काय, मशीन कोणतं, ते हातात कोण धरणार, आधी कानामागे थोडं करून बघणार का, डोळ्यांवर झाकण घालणार का, हेही विचारा. आणि पैसे एका बैठकीचे न विचारता सगळ्यांचे मिळून विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. पैशांची अडचण असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निदान डागाचं नाव तिथे कळेल. एखादा तीळ वाढतोय, रंग बदलतोय, रक्त येतंय असं असेल तर मात्र त्याला लेसर लावूच नका, आधी तपासून घ्या.

दवाखान्यात याल तेव्हा पावडर लावून येऊ नका. आणि घरातली ती ट्यूब, मेडिकलवाल्याने दिलेली किंवा शेजारणीने सांगितलेली, आठ दिवसांत उजळवणारी, संपलेली असली तरी पिशवीत घालून आणा. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. कातडी पातळ होते, लाल होते, तोंडावर लव वाढते, आणि अशा कातडीवर लेसर केलं तर भाजायचा धोका. लाजू नका, मी रागावत नाही. नळीवरची बारीक अक्षरं आपण दोघी मिळून वाचू.