मातीत उरलेली बाग

नमस्कार श्रोतेहो. घर पडलं तरी त्याचं जोतं शेकडो वर्षं टिकतं. चौकात कुणी हौसेनं लावलेलं झाड मात्र वाळतं, कुजतं, मातीला मिळतं. मग रोमन साम्राज्याच्या दूरच्या प्रांतांत, आजच्या इंग्लंड-पोर्तुगालमध्ये, अठराशे वर्षांपूर्वीच्या घरांत बागा होत्या हे कशावरून ओळखायचं?

इटलीतल्या पाँपेईला ज्वालामुखीनंच पुरावा जपला. सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला, बागा गाडल्या गेल्या. मुळं कुजून पडलेल्या पोकळ्या विसाव्या शतकात पुरातत्त्वज्ञ विल्हेल्मिना जशेम्स्की यांनी हलक्या हातानं साफ केल्या आणि त्यांत सिमेंट ओतलं. मुळाचा आकार हाती आला. प्रांतांतल्या गावांना असली राख मिळाली नाही. तिथे नुसती माती वाचायची.

ती कशी वाचायची, हे फिशबोर्ननं शिकवलं. दक्षिण इंग्लंडमधलं हे ठिकाण म्हणजे गावातलं घर नव्हे, सन ७५ च्या सुमाराचा मोठा प्रासाद. १९६० साली पाण्याच्या नळासाठी चर खणताना तो सापडला आणि बॅरी कनलिफ यांनी तिथे उत्खनन केलं. प्रासाद बांधताना जमीन सपाट केली, तेव्हा वरची कसदार माती निघून गेली होती. खाली राहिली चिकणमाती आणि खडी. त्यात झाड धरणार कसं? म्हणून माळ्यांनी चर खणले आणि त्यांत चांगली माती आणून भरली. ती भर आजही वेगळी दिसते: खडीत काळसर पट्टा. तो सरळ जातो, मधेच चौकोनी खाच घेतो, पुढे अर्धगोल वळतो. झाड एकही उरलेलं नाही, पण कुंपणाची रेघ जशीच्या तशी आहे. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती त्या माळ्यांची मेहनत. पाटीपाटीनं वाहून आणलेली माती, तीच आज साक्ष देते.

आता गावातलं घर पाहू. पोर्तुगालमध्ये कोइंब्राजवळ कोनिंब्रिगा आहे. तिथलं 'कारंज्यांचं घर' १९३९ साली खोदून काढलं. आपल्या जुन्या वाड्यासारखा मधे उघडा चौक, भोवती खांबांची ओसरी, ओसरीत मोझेइकची, म्हणजे रंगीत खड्यांच्या नक्षीची फरशी. चौकात मात्र अंगण नाही, पाण्याचं टाकं आहे. त्या पाण्यातून बांधीव वाफे बेटांसारखे वर आलेले, आणि चारशेहून जास्त कारंज्यांच्या तोट्या. इथे बागेचा नकाशा खुद्द गवंड्यानंच लिहून ठेवला आहे.

जुन्या काळी अनेक ठिकाणी भिंती आणि फरशी गाठायच्या घाईत चौकातली माती उपसून टाकली गेली. त्या ढिगाऱ्यांबरोबर किती बागा गेल्या, या विचारानं जीव हळहळतो. नकाशा दगडात सापडेल, पण झाड कोणतं होतं हे सांगणारी बी, पान, पराग त्या मातीतच असतात.

कधी ते विहिरीतही असतात. इंग्लंडमधल्या सिल्चेस्टर या रोमन गावातल्या विहिरींच्या तळाशी ओल होती, हवा पोहोचत नव्हती, त्यामुळे तिथला पाला कुजला नाही. शंभरेक वर्षांपूर्वी क्लेमेंट रीड यांनी त्या गाळातल्या वनस्पती एकेक करून ओळखल्या. त्यांत बॉक्सवुडची पानं निघाली. नखाएवढं, जाडसर पान. रोमन माळी कातरून कुंपण करत, त्याच झुडपाचं.