‘आम्हाला मित्र द्या’ : परदेशातील सेवा आणि श्रद्धेची साक्ष

[दृश्य : एडिंबरो शहराची जुनी छायाचित्रे, सभागृहाचा आतील भाग]

१९१० सालच्या जून महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जगभरच्या प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थांची मोठी परिषद भरली होती. सुमारे १२०० प्रतिनिधी आले होते आणि त्यांतील बहुतेक सर्व युरोप-अमेरिकेतले होते. ज्या देशांत हे कार्य चालत होते, त्या देशांतील माणसे मात्र अगदी मोजकी होती. त्या मोजक्यांपैकी एक होते तिरुनेलवेलीकडचे, पस्तीस वर्षांचे वेदनायगम सॅम्युएल अझरया. परदेशी आणि स्थानिक सेवकांमधील सहकार्य हा विषय त्यांच्याकडे सोपवला होता. मिशनऱ्यांनी केलेल्या त्यागाबद्दल भारतीय मंडळी, म्हणजे भारतातील चर्च, पिढ्यान्‌पिढ्या कृतज्ञ राहील, असे सांगून त्यांनी बायबलमधील पौलाच्या प्रसिद्ध पत्रातील शब्दांचा आधार घेतला. तुम्ही आपली मालमत्ता गरिबांना अन्न देण्यासाठी वेचली, आपली शरीरेही जाळण्यासाठी दिली, असे म्हणून त्यांनी पुढची मागणी केली : आम्हाला प्रेमही हवे आहे, आम्हाला मित्र द्या.

हे बोलणे अनेकांना झोंबले. बोलणारा मिशनकार्याचा विरोधक असता, तर दुर्लक्ष करणे सोपे गेले असते. परंतु अझरया स्वतःच मिशनरी होते. भारतीयांनी भारतीय पैशावर चालवलेल्या दोन मिशनरी संस्थांच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता आणि तामिळ मुलूख सोडून ते तेलुगू भाषकांमध्ये, दोर्नाकल येथे, राहायला गेले होते. पुढे १९१२ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. सेवेत कसूर होते, अशी त्यांची तक्रार नव्हतीच. वरून खाली उतरत येणारे प्रेम म्हणजे मैत्री नव्हे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. परक्या देशात गरजूंची सेवा करताना आपली श्रद्धा इतरांपर्यंत पोचवू पाहणाऱ्या प्रत्येकाला हे म्हणणे आजही अडवते.

[दृश्य : दवाखान्याबाहेरची रांग, चेहरे नाहीत, फक्त हात आणि केसपेपर]

अडचण कोठे आहे, ते आधी पाहू. दवाखान्याच्या रांगेत एक आई उभी आहे, तिच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल आहे आणि समोर परदेशी डॉक्टर आहे. तपासणीपूर्वी प्रार्थना करू का, असे डॉक्टरने विचारले तर ती मान डोलावेल. ती मान श्रद्धेने डोलली, शिष्टाचाराने डोलली की औषध मिळणार नाही या धास्तीने डोलली, हे डॉक्टरला कळण्याचा मार्ग नाही, आणि बहुधा तिलाही ते नीट सांगता येणार नाही. डॉक्टरचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी औषधाच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात असते. मदत घेणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक नसेल, तर त्याच्या होकाराला अर्थ उरत नाही.

ही शंका केवळ चर्चच्या बाहेरच्यांनीच काढलेली आहे असे नाही. आपत्तीच्या काळात मदत करणाऱ्या संस्थांसाठी १९९४ मध्ये रेड क्रॉस चळवळ आणि इतर संस्थांनी जी आचारसंहिता तयार केली, तिच्या कर्त्यांमध्ये कॅथलिक, लुथरन आणि जागतिक चर्च परिषदेशी संबंधित संस्थाही होत्या. मदत केवळ गरज पाहून द्यावी आणि एखादे राजकीय वा धार्मिक मत पुढे रेटण्यासाठी तिचा वापर करू नये, असे ती संहिता सांगते. २०११ मध्ये व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद, जागतिक चर्च परिषद आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी एकत्र येऊन साक्षीच्या, म्हणजे आपली श्रद्धा इतरांपुढे मांडण्याच्या, आचरणाविषयी शिफारसी प्रसिद्ध केल्या. एरवी एका मांडवाखाली क्वचितच दिसणाऱ्या या तिन्ही संस्थांनी साक्ष देणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे असे म्हणतानाच, लोकांच्या गरिबीचा आणि गरजेचा फायदा घेण्याला तीत स्थान नाही, सेवेच्या कामात कोणतेही आमिष, पैशाचेही, दाखवू नये, असेही निःसंदिग्धपणे नोंदवले.

नियम आवश्यकच आहेत. मात्र काय करू नये, एवढेच ते सांगू शकतात. मैत्री कशी जुळते हे पाहायचे, तर माणसांकडेच वळावे लागते.

[दृश्य : होगार पर्वतरांगा, दक्षिण अल्जीरिया, दगडी पठार]

शार्ल द फुको हा फ्रेंच सैन्यातला माजी अधिकारी पुढे धर्मगुरू झाला आणि १९०५ मध्ये सहारा वाळवंटातील तामनरासेत या जेमतेम वीसेक झोपड्यांच्या वस्तीत राहायला गेला. आसपास तुआरेग लोकांच्या भटक्या टोळ्या होत्या, सर्व मुसलमान. फुको त्यांना औषधे देई, धान्य देई, त्यांची भाषा शिके आणि कविता उतरवून घेई. देणारा हात नेहमी त्याचाच होता. १९०७ मध्ये दुष्काळ पडला. जवळचा साठा त्याने भुकेल्यांमध्ये वाटून टाकला आणि स्वतःची फार आबाळ केली. त्या नाताळात त्याला मिस्सा हा उपासनाविधीही करता आला नाही, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे धर्मगुरूने एकट्याने मिस्सा करायचा नसे आणि तेथे दुसरा एकही ख्रिस्ती माणूस नव्हता. जानेवारी १९०८ मध्ये तो अंथरुणाला खिळला. हालचाल केली तरी धाप लागे, आणि आपला शेवट जवळ आला असे त्याला वाटू लागले.

तेव्हा तुआरेगांनी चार किलोमीटरच्या परिसरात हिंडून, त्या भयंकर दुष्काळात जिच्या आचळात थोडेबहुत दूध उरले होते अशी प्रत्येक शेळी शोधून काढली आणि ते दूध त्याला पाजले. हे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवले आहे. ते दूध कोणाच्या तरी मुलांच्या तोंडचे होते, हे वेगळे सांगायला नको. या आजारपणानंतर फुको बदलला, असे त्याचे अनेक चरित्रकार मानतात. तोवर तो लोकांसाठी जगत होता. आता लोकांमुळे जगला होता. उपकाराचे पारडे एकदा दुसऱ्या बाजूला झुकल्याखेरीज मैत्रीला जागाच होत नाही, आणि ते झुकवणे देणाऱ्याच्या हातात नसते.

फुकोला आदर्श म्हणून डोळे मिटून पुढे करणे मात्र योग्य होणार नाही. फ्रेंच सत्ता या प्रदेशाच्या भल्याची आहे, असे तो मानत होता. लष्करी अधिकाऱ्यांशी त्याचे निकटचे संबंध होते, आणि ज्या सत्तेच्या छायेत तो वावरत होता तिचे ओझे त्याच्या मैत्रीवरही होतेच. १ डिसेंबर १९१६ रोजी पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत सशस्त्र टोळीने त्याला ठार केले. तुआरेगांपैकी जवळजवळ कोणीही त्याच्या हयातीत ख्रिस्ती झाले नव्हते. मागे राहिला तो तुआरेग भाषेचा प्रचंड शब्दकोश, जो पुढे चार खंडांत प्रसिद्ध झाला. आकड्यांत मोजणाऱ्याला हे अपयश वाटेल. कॅथलिक चर्चने त्याला १५ मे २०२२ रोजी संत घोषित केले.

ज्यांना ख्रिस्ताच्या चरित्रात याचा आधार हवा असेल, त्यांनी योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडावा. शोमरोनी स्त्रीशी येशूचे संभाषण सुरू होते ते उपदेशाने नव्हे. प्रवासाने थकलेला येशू विहिरीशी बसला आहे, त्याच्याजवळ पोहरा नाही, आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात व्यवहार नसतानाच्या काळात ही मागणी करून त्याने तिला देणारी केले. पुढचे सारे संभाषण त्यानंतर आले.

[दृश्य : तानसेन गावाचा डोंगरउतार, रुग्णालयाची इमारत]

नेपाळमधली सुरुवात तर पक्ष्यांपासून झाली. राणांची राजवट संपण्याच्या सुमारास बॉब फ्लेमिंग हे अमेरिकन मिशनरी शिक्षक आणि पक्षिअभ्यासक पक्ष्यांचे नमुने गोळा करण्यासाठी परवाना काढून नेपाळात गेले. पुढच्या एका फेरीत बरोबर डॉक्टर होते, तानसेनमध्ये त्यांनी रुग्ण तपासले, आणि येथे रुग्णालय काढा अशी मागणी खुद्द गावकऱ्यांकडून आली. ५ मार्च १९५४ रोजी नागपूर येथे ‘युनायटेड मिशन टू नेपाळ’ ही संस्था अनेक मिशनांनी मिळून स्थापन केली. सरकारशी झालेल्या करारांमध्ये धर्मांतराचे काम न करण्याची अट होती आणि ती मान्य करूनच परदेशी डॉक्टर, परिचारिका, शिक्षक व अभियंते तेथे राबले.

अशा अटीखाली साक्ष देता येते का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात असे. देता येते, परंतु तिचा आरंभ समोरच्याच्या प्रश्नाने होतो. सहकारी एखाद्या संध्याकाळी विचारतो, की इतक्या दूर, इतक्या कमी पगारावर तुम्ही का आलात; आणि ज्याला विचारले आहे त्याने खरे उत्तर टाळणे हा उलट मैत्रीचा अपमान ठरेल. आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असावे, पण ते सौम्यतेने द्यावे, असे बायबलमधील पेत्राच्या पत्रात म्हटले आहे, त्यातही आधी विचारणारा आहे. येथे आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. साठच्या दशकात बाप्तिस्म्यावरून नेपाळी ख्रिस्ती माणसांना तुरुंगवास घडला. २०१७ च्या फौजदारी संहितेतही धर्मांतर घडवून आणण्यास पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. कायद्याचा बडगा आला, तर परदेशी माणूस शेवटी देशाबाहेर काढला जातो. स्थानिक मित्राला मात्र तेथेच, त्याच पोलिस ठाण्याच्या हद्दीत, राहायचे असते. जो पाहुणा ही विषमता लक्षात न घेता उत्साहाने बोलत सुटतो, त्याला धाडसी म्हणण्यापेक्षा बेफिकीर म्हणणे रास्त होईल.

[दृश्य : आदिस अबाबा, रुग्णालयाचे आवार]

कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे स्त्रीरोगतज्ज्ञ दांपत्य १९५९ मध्ये तीन वर्षांच्या करारावर इथियोपियात आले. तेथे त्यांना फिस्टुलाचे रुग्ण भेटले. प्रसूती अडली आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही, की बाळाचे डोके कित्येक तास, कधी कित्येक दिवस, आईच्या ओटीपोटातील भागांवर दाबून राहते. रक्तपुरवठा तुटून तेथील ऊती मरते आणि मूत्राशयाला भोक पडते. मूल बहुधा दगावते. त्यानंतर लघवी सतत झिरपत राहते, वास येतो, नवरा सोडतो, घरचे दूर झोपडीत ठेवतात. अशा स्त्रीला प्रवासात गाडीत कोणी शेजारी बसू देत नसे.

इथियोपियात ख्रिस्ती धर्म चौथ्या शतकापासून आहे, म्हणजे हॅम्लिनांच्या इंग्लिश पूर्वजांहून तो तेथे जुना. त्यामुळे या अँग्लिकन दांपत्याने कोणाला श्रद्धा आणून दिली, असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्यांच्या रुग्णांत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होत्या, मुसलमानही होत्या. १९७४ मध्ये त्यांनी आदिस अबाबात खास फिस्टुलासाठी रुग्णालय उघडले. त्याच वर्षी सम्राटाची सत्ता उलथली आणि लष्करी राजवट आली. अनेक परदेशी निघून गेले. हे दोघे राहिले. रेजिनाल्ड १९९३ मध्ये वारले, कॅथरीन मार्च २०२० मध्ये, आदिस अबाबातच.

त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत मामितू गाशे ही खेड्यातून आलेली, लिहिता-वाचता न येणारी तरुणी होती. बरी होत असताना ती वॉर्डातील खाटा आवरू लागली, मग नवीन बायकांना धीर देऊ लागली, मग शस्त्रक्रियेच्या वेळी मदतीला उभी राहू लागली. रेजिनाल्ड यांनी तिच्या हातांवर आपले हात ठेवून तिला टाके घालायला शिकवले. काही वर्षांत ती स्वतः फिस्टुलाच्या शस्त्रक्रिया करू लागली आणि इतर देशांतून शिकायला येणारे पदवीधर शल्यविशारद तिच्याकडून धडे घेऊ लागले. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन दांपत्याबरोबर तिलाही सुवर्णपदक दिले. या रुग्णालयाच्या सेवेची साक्ष तेथील प्रार्थनांपेक्षा या एका वस्तुस्थितीत अधिक स्पष्ट वाचता येते, असे आम्हाला वाटते : परदेशी शल्यविशारदाने आपल्या हातातली सुरी रुग्णाच्या हाती दिली.

[दृश्य : विमानतळावरील सामानाचा पट्टा; एकसारखे टी-शर्ट घातलेला गट]

अलीकडे दोन आठवड्यांच्या सेवाफेऱ्यांना मोठी मागणी आहे. एखादी विशिष्ट शस्त्रक्रिया करणारे पथक अशा फेरीत मोलाचे काम करून जाते, हे नाकारता येणार नाही. पण परतल्यावर ‘तेथे जिवाभावाची नाती जुळली’ असे जे सांगितले जाते, ते ऐकताना थोडे सावध राहावे. दुभाष्यामार्फत झालेली ओळख आणि लहान मुलांबरोबर काढलेली छायाचित्रे यांना मैत्री म्हणता येत नाही. ज्याचे नाव आपल्याला नीट उच्चारता येत नाही, ज्याच्या घरी मृत्यू झाला तर आपल्याला कळणार नाही, तो आपला मित्र कसा?

मिशनकार्याचा नकाशाही आता अझरयांच्या काळचा राहिलेला नाही. कोरिया, ब्राझील, नायजेरिया आणि भारताचा ईशान्य भाग येथील मंडळ्या आज आपली माणसे इतर देशांत आणि प्रांतांत पाठवत आहेत. गोऱ्या माणसाच्या वर्चस्वाबद्दल जे बोलले गेले, ते आपल्याला लागू नाही, असे यांतील कोणी मानू नये. अंगाचा रंग बदलला, तरी निधी ज्याच्या हाती तोच यजमान होऊन बसतो. म्हणून माणसे पाठवणाऱ्या मंडळीने अंदाजपत्रकात भाषा शिकण्यासाठी पहिले वर्ष-दीड वर्ष मोकळे ठेवावे आणि त्या काळात कोणताही अहवाल मागू नये. प्रकल्पाचा पैसा सही करून सोडवण्याचा अधिकार स्थानिक सहकाऱ्यालाही द्यावा. आणि ज्याने सारे ऐकून घेऊन ‘तुमचा मार्ग तुम्हाला, माझा मला’ असे सांगितले, त्याच्याकडे जाणे-येणे पुढेही तसेच चालू आहे का, हे पाठवलेल्या माणसाला अधूनमधून विचारत राहावे.